ओल दाखवली तर मालक घर खाली करायला सांगेल का?

माझ्याकडे झोपेची तक्रार घेऊन येणाऱ्या भाडेकरूंच्या बोलण्यात हा प्रश्न हमखास येतो.

कळव्याच्या एक ताई आल्या होत्या (ओळख पटेल असे तपशील बदललेत). पहाटे तीनला जाग, छातीत धडधड. ईसीजी, थायरॉइड, सगळं नॉर्मल. "टेन्शन घेऊ नका" हा सल्ला मिळालेला. मी घराबद्दल विचारलं. तळमजल्यावरची एक खोली, वरच्या बाथरूमचं पाणी भिंतीत मुरलेलं, पोपडे सुटलेले, बुरशी काळी पडलेली. मालक भाडं न्यायला यायचे त्या दिवशी ताई लोखंडी कपाट ओढून डागापुढे लावायच्या आणि उरलेल्या जागेवर कॅलेंडर टांगायच्या. दहावीतला मुलगा त्याच भिंतीला पाठ लावून झोपायचा, रात्रभर खोकायचा.

अकरा महिन्यांचा करार ऑगस्टमध्ये संपायचा. झोप जूनपासूनच उडायची, दरवर्षी. आधीची दोन घरं अशीच सोडावी लागली होती, त्यामुळे ही भीती मनाचे खेळ नव्हते. श्वासाचे व्यायाम शिकवले, पण तेवढ्यावर थांबणं मला पटेना.

आधी मुलाला छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. दमा निघाला, पंप सुरू झाला. ओल आणि बुरशीने दमा बळावतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच सविस्तर मांडलंय.

मग करार पाहिला. नुसती नोटरी! महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. मुदत संपल्यावर राहण्याचा हक्क मात्र यातून मिळत नाही, हेही मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

म्हणून क्रम ठरवला: आधी मुदत, मग ओल. भाडं वेळेवर दिल्याच्या नोंदी घेऊन ताई आणि त्यांचे मिस्टर मे महिन्यातच मालकांना भेटले, तीन वर्षं मागितली. बावीस महिने मिळाले, करार रजिस्टर झाला. त्यानंतर भिंतीचे फोटो आणि डॉक्टरांचा कागद व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. कुरकुरत का होईना, मालकांनी वरची पाइपलाइन दुरुस्त केली. प्लास्टर अजून बाकी आहे.

त्या वर्षीच्या जूनमध्ये ताईंना झोप लागत होती. मुलाचा पंप चालूच आहे. त्याचा बिछाना आता दाराच्या बाजूला असतो.