शेजारच्या ख्रिस्ती आजींनी नाताळला बोलावलंय, काय नेऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बदलीनं मूर्तिजापूरजवळच्या गावात आलात, मूळचे साताऱ्याकडचे. शेजारी ख्रिस्ती कुटुंब आहे. आजी लुगडं नेसतात, वऱ्हाडी बोलतात, भाकरी थापतात आणि रोज चर्चमध्ये जातात. हे लोक इथले कधीपासून, नाताळला बोलावलंय तर काय न्यावं, आणि काय विचारलेलं चालतं.

माझी आजी अगदी अशीच होती, म्हणून लिहितो. आमचं गाव मूर्तिजापूर आणि कारंजाच्या मधल्या पट्ट्यातलं. आजी 2023 च्या ऑगस्टमध्ये गेली. वय ब्याण्णव धरायचं. जन्मतारीख कुठं लिहिलेली नव्हती. "गांधीबाबा सेवाग्रामले आले तवा मी पाच वर्साची असन," असं ती सांगायची. गांधीजी सेवाग्रामला आले 1936 साली, तेव्हा 1931 चा जन्म.

आधी "कधीपासून"चं. नागपूरला स्कॉटिश मिशनचे स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये आले. हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं, 1883 चं. इकडे वऱ्हाडात, अकोला, खामगाव, मूर्तिजापूर या बाजूला अलायन्स मिशन आलं ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. वाशीमकडे नाझरीन मिशन, तिथलं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल 1938 पासूनचं. यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट मिशन, उमरीचा दवाखाना त्यांचा. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, पण अलायन्सवाले त्यात नाहीत. म्हणजे "ख्रिस्ती" म्हटलं की सगळे एकाच पाटीखालचे असं समजू नका. आमच्या आजीला तर कॅथलिक लोक परगावचे पाहुणे वाटायचे.

आमच्या घराची गोष्ट मात्र 1899-1900 च्या दुष्काळात सुरू होते. आजीची आई तेव्हा चार-पाच वर्षांची पोर. ती कुणाला कुठं सापडली ते आम्हाला कधी कळलं नाही. ती खामगावला मिशनच्या मुलींच्या आश्रमात वाढली. आईबापाचं नाव, गाव, जात, काही सांगता येईना. घरापुढे चिंचेचं झाड होतं, एवढंच तिला आठवायचं. पुढं आश्रमातल्याच एका मुलाशी लग्न लागलं आणि संसार आमच्या गावी आला. गावाची पंचाईत झाली. विहिरीवर यांना कुठल्या बाजूनं पाणी भरू द्यायचं? जातच ठाऊक नाही म्हटल्यावर कुणाला काही ठरवता येईना. शेवटी गावानं आम्हाला "मिशनवाले" अशी नवीनच जात दिली. ती अजून चालू आहे. शाळेत गुरुजी हजेरी घ्यायचे तेव्हा मागून कुणीतरी म्हणायचंच, "मिशनवाल्याचा हाय."

आजीचं माहेर आणि सासर एकाच गावात, मधे तीन घरं. लग्न सोळाव्या वर्षी. आजोबा प्राथमिक शाळेत शिक्षक. 1974 ला ते गेले तेव्हा पाच लेकरं होती, थोरला शिकत होता आणि धाकटी आत्या अजून चालत नव्हती. चार एकर काळी जमीन. कापूस, तूर, थोडी ज्वारी. शेजारच्या बाया रिवाजाप्रमाणं बांगड्या फोडायला आल्या. आजी म्हणाली, "काचेच्या हायेत, कामानं फुटतीनच. तुम्ही कायले हात लावता?" त्या ओशाळून चहा पिऊन गेल्या. हिरव्या बांगड्या शेवटपर्यंत तिच्या हातात होत्या.

आता किल्लीचं सांगतो, कारण आजी म्हटलं की आम्हा नातवंडांना तीच आठवते. चर्च म्हणजे कौलारू, एका खोलीचं, बाजूला कडुनिंब. घंटा म्हणून रुळाचा एक तुकडा टांगलेला. आजोबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी चौकीदारानं गाव सोडलं आणि कुलुपाची किल्ली आजीकडे आली, "नवा माणूस मिळेपर्यंत". नवा माणूस मिळाला नाही. सेहेचाळीस वर्षं ती किल्ली तिच्या पदराच्या गाठीला राहिली, धान्याच्या कोठीच्या किल्लीसोबत. कोठी उघडायला गेली की चर्चची किल्ली खणखणायची. चर्च उघडायला गेली की कोठीची. दोन्ही लोखंडाच्या, जवळजवळ एका मापाच्या. पावसाळी पहाटे अंधारात चुकीची किल्ली घालून ती चर्चच्या कुलपाशी बडबड करायची. कुलपाशी की प्रभूशी, ते आम्हाला कधी समजलं नाही.

पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, येत-जात राहिले. आजीच्या हयातीत चौदा झाले, तिनंच मोजले होते. काही यवतमाळच्या सेमिनरीतून, म्हणजे पाळकांच्या विद्यालयातून, शिकून आलेले. ती सेमिनरी 1953 ते 1983 यवतमाळला होती, मग पुण्याला गेली. बायकांच्या मेळाव्याला आजीही यवतमाळला जायची, शकुंतलेनं, म्हणजे मूर्तिजापूर-यवतमाळ छोट्या रेल्वेनं. इतकी सावकाश गाडी की वाटेत उतरून बोरं वेचून परत चढता येत असे. हे तिचं म्हणणं, मी वेचलेली नाहीत. आलेल्या प्रत्येक नव्या पाळकाला ती एकच गोष्ट दाखवायची, कुठल्या कौलातून पाणी गळतं ते.

झाडलोट तिनं स्वतःकडे ठेवली होती. याचं मूळ गमतीचं आहे. गाडगेबाबांचं लहानपण मूर्तिजापूर भागात दापुऱ्याला मामाकडे गेलं, मूर्तिजापूरला त्यांची धर्मशाळा आणि गोरक्षण आहे. आजीनं लहानपणी त्यांचं कीर्तन ऐकलं होतं, बापाच्या खांद्यावर बसून. कीर्तनाआधी तो माणूस गाव झाडतो, हे तिच्या मनात बसलं. चर्चच्या अंगणात खराटा फिरवताना कुणी "बाई, पोराईले सांगा ना" म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं: "बाबानं कोनाले सांगतलं होतं?" येशूच्या दारात गाडगेबाबाचा खराटा. पाळकांना हे कधी नीट पचलं नाही, पण अंगण स्वच्छ असायचं म्हणून कुणी बोललं नाही.

एकच पाळक बोलले, ते पोळ्यावरून. आमच्याकडे बैलजोडी होती. पोळ्याला आजी बैलांना धुवायची, शिंगांना हिंगूळ लावायची, झूल घालायची आणि पुरणपोळी खाऊ घालायची. ओवाळायची नाही, कुंकू लावायची नाही, तोरणाखाली गावच्या बैलांबरोबर न्यायची नाही. बाकी सगळं. नवे पाळक तरुण होते, बाहेरच्या जिल्ह्यातून आलेले. त्यांनी उपदेशातच हा विषय काढला, नाव न घेता, पण आमच्याशिवाय बैल होते कुणाकडे? आजी तेव्हा काही म्हणाली नाही. उपासना संपली, लोक बाहेर पडले, ती कुलूप लावत होती आणि पाळक शेजारी उभे होते. तेव्हा म्हणाली, "साहेब, वर्सभर राबलेल्या जीवाले एक दिवस गोड चारावं, याले कोनतं शास्त्र आडवं येते? दाखवसान तं वाचून घेतो." त्यांनी दाखवलं नाही. पुढच्या पोळ्याला ते आमच्याकडं पुरणपोळी खायला आले आणि पाच खाल्ल्या.

तिला वाचता येत होतं, लिहिता फारसं नाही. पवित्र शास्त्र रोज संध्याकाळी कंदिलाजवळ, बोट ठेवून. भजनं मात्र तोंडपाठ. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि नंतर ओवी-अभंगाच्या घाटणीत ख्रिस्ती पदं लिहिली. ती तुम्हाला नाताळला ऐकू येतील, ढोलकी-टाळांवर. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं हरिपाठ चाललाय. आमच्या शेजारचे माळकरी बुवा दर नाताळच्या रात्री टाळ घेऊन यायचे आणि दाराशी बसून साथ करायचे. आत या म्हटलं तर यायचे नाहीत, जा म्हटलं तर जायचे नाहीत.

कापणीच्या सणालाही जमलं तर जा. शेतातलं पहिलं काही चर्चमध्ये आणतात, उपासनेनंतर त्याचा हर्रास होतो. तुरीच्या शेंगा, कोहळं, कोंबडी, अंडी, कुणाचं लिंबू. एक लिंबू तीनशे रुपयांना गेलेलं मी पाहिलंय, कारण दोन साडू हट्टाला पेटले होते. आजीचा नियम असा की आपण आणलेली वस्तू आपणच सोडवायची. एका वर्षी तिनं आणलेल्या कोहळ्यावर तालुक्याहून आलेल्या एका साहेबांनी बोली लावली. आजी पंचवीस, साहेब पन्नास. आजी साठ, साहेब शंभर. ती मागं हटेना. काकानं मागून लुगडं ओढलं, "माय, घरी पाच कोहळे हायेत." शेवटी एकशेऐंशीला तिनं ते घेतलं आणि तिथंच साहेबांच्या हातात दिलं, "पोराईले करून घाला, गोड हाय." पैसे काकानं दिले. कापसाचे पैसे अजून यायचे होते, काकाचा चेहरा मला अजून दिसतो.

वाईटही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल सगळं भजनच होतं. एका काळात मंडळीत दोन तट पडले. कारण मिशनची जागा, ती कोणाच्या नावावर. असले वाद खूप ठिकाणी आहेत, आमचा काही वेगळा नव्हता. एका तटानं एका रात्री आजीच्या कुलपाच्या वर दुसरं कुलूप ठोकलं. रविवारी सकाळी ती खराटा घेऊन गेली तर दाराला दोन कुलपं. तिनं आपलं उघडलं. दुसरं उघडेना. मग आपलं परत लावलं, रुळाची घंटा वाजवली आणि कडुनिंबाखाली सतरंजी टाकली. अकरा रविवार उपासना झाडाखाली झाली. पाळक कुणाच्या बाजूनं जाऊ म्हणून यायचे नाहीत, तर म्हाताऱ्या माणसांनी वाचायचं, प्रार्थना करायची. आणि दर रविवारी आजी आधी स्वतःचं कुलूप उघडायची, संपल्यावर लावायची. मी चिडून विचारलं, दार तर उघडतच नाही, मग हे कशाला? "माह्याकडं जे हाय ते मी उघडतो," एवढंच म्हणाली. बाराव्या रविवारी दुसरं कुलूप नव्हतं. कुणी काढलं ते आजतागायत कोणी सांगितलेलं नाही. मला संशय आहे, पण तो माणूस जिवंत आहे आणि माझा मामा लागतो.

शेवटची दोन वर्षं ती खाटेवर होती. किल्ली काकूकडे गेली, पण रोज संध्याकाळी एकदा आजीच्या हातात द्यावी लागायची. गेली तेव्हा पाऊस लागलेला. आमच्याकडची काळी माती पावसात खणणं म्हणजे काय ते तुम्हाला आता कळेलच. कबरीत पाणी भरायचं, काढायचं, परत भरायचं. घमेली घेऊन पाणी उपसणाऱ्यांत चर्चची माणसं निम्मी, बाकी गावातली. माळकरी बुवांचा मुलगा गुडघाभर चिखलात उतरला होता. पेटी ठेवल्यावर काकूनं किल्ली पुढं केली, बरोबर जाऊ दे म्हणून. काका म्हणाले, "मंग उद्या उघडीन कोन?" किल्ली परत आली.

आता तुमचं काम. नाताळला सकाळी दहा-साडेदहापर्यंत उपासना असते, त्याआधी घरी कुणी भेटणार नाही. दुपारी जा. फळं न्या, किंवा आजींना पातळसं सुती लुगडं, फिकट रंगाचं. केक नेऊ नका. घरोघरी करंज्या, शेव, अनारसे केलेले असतात, बाहेरच्या केकाकडे म्हाताऱ्या संशयानं बघतात. भेटल्यावर "सलाम" म्हणा, आजी खूश होतील. परतताना फराळाचा डबा मिळेल. तो रिकामा परत करायचा नाही, मूठभर शेंगदाणे घातले तरी चालतात.

विचारायचं म्हणाल तर "तुम्ही आधी कोण होता" हे विचारू नका. आमच्यासारख्या कित्येक घरांना ते माहीतच नसतं, आणि ज्यांना माहीत असतं त्यांना ते दर महिन्याला कुणीतरी विचारतं. बोलणं सुरूच करायचं असेल तर चर्चची किल्ली कोणाकडे असते ते विचारा. आजी स्वतः पदराची गाठ चाचपायला लागल्या तर संध्याकाळपर्यंतचा वेळ काढून ठेवा.