लहान नदी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : पाऊस थांबून कित्येक आठवडे उलटले, तरी आमची लहानशी नदी बारीक धारेने वाहतेच आहे. हे पाणी येते कुठून?

उत्तर : जमिनीतून. पावसाचे जे पाणी उतारावरून थेट वाहून न जाता मातीत मुरते, ते खडकांच्या भेगांतून आणि वाळूच्या थरांतून अतिशय संथपणे सरकत, कधी काही दिवसांनी तर कधी काही वर्षांनी, पात्रात पाझरते. भूजलाची पातळी पात्राच्या तळापेक्षा उंच असेतोवर नदीला हा पाझर मिळतो. ती खाली गेली की उलट नदीचेच पाणी जमिनीत जिरू लागते. त्यामुळे पाणलोटातील विहिरींचा बेसुमार उपसा आणि आटलेली नदी या दोन वेगळ्या समस्या मानू नयेत.

प्रश्न : ओढा कुठे संपतो आणि नदी कुठे सुरू होते?

उत्तर : निसर्गात अशी सीमारेषा नाही. अभ्यासक मात्र प्रवाहांना श्रेणी देतात. जलशास्त्रज्ञ रॉबर्ट हॉर्टन यांनी १९४५ मध्ये मांडलेल्या आणि भूरूपशास्त्रज्ञ आर्थर स्ट्रालर यांनी पुढे सुधारलेल्या पद्धतीनुसार उपप्रवाह नसलेला ओहोळ पहिल्या श्रेणीचा असतो आणि असे दोन ओहोळ मिळाले की दुसऱ्या श्रेणीचा प्रवाह होतो. कोणत्याही नदीजाळ्याची बहुतांश लांबी अशा लहान प्रवाहांचीच असते, हे मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे.

प्रश्न : पूर टाळण्यासाठी नदीतील गोटे काढून पात्र सरळ आणि खोल करण्याचा विचार चालू आहे. आपले मत काय?

उत्तर : हे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नैसर्गिक पात्रात उथळ, खळाळते टप्पे आणि संथ डोह आलटून पालटून येतात. गोट्यांच्या पात्रात दोन लगतच्या डोहांमधील अंतर बहुधा पात्राच्या रुंदीच्या ५ ते ७ पट असते. खळाळात पाण्यात हवा मिसळते, गोट्यांच्या फटींत कीटक राहतात आणि काही मासे अंडी घालतात, तर प्रवाह रोडावल्यावर मासे डोहांच्या आश्रयाने तग धरतात. वळणे काढली की पाण्याला तेवढीच उंची कमी अंतरात उतरावी लागते. उतार आणि वेग वाढतो, तळ खरवडला जातो, ही खरवड हळूहळू उगमाच्या दिशेने सरकते आणि वरचे काठ ढासळू लागतात. खोल गेलेले पात्र शेजारच्या जमिनीतील भूजलही अधिक वेगाने ओढून घेते, म्हणजे पहिल्या प्रश्नातली ती बारीक धार लवकर आटते. पूर तर टळत नाहीच, तो अधिक वेगाने खालच्या वस्तीपर्यंत पोहोचतो. पुलांच्या मोऱ्यांत अडकलेला कचरा जरूर काढावा. पण पुराला पसरण्यासाठी काठची सखल जमीन मोकळी ठेवणे हाच खरा उपाय आहे.

प्रश्न : काठच्या झाडांची पाने पडून पाणी नासते. झाडे तोडावीत का?

उत्तर : नाही. नद्यांतील जीवसृष्टीचे अभ्यासक रॉबिन व्हॅनोट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखवून दिले, की उगमाजवळच्या सावलीत शेवाळ फारसे वाढत नसल्याने तेथील अन्नसाखळी मुख्यतः पडलेल्या पानांवर चालते. पाने आधी बुरशीने मऊ होतात, मग कीटक ती कुरतडतात आणि उरलेल्या बारीक कणांवर खालच्या टप्प्यातील जीव जगतात. शिवाय सावलीने पाणी थंड राहते. १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना मात्र जेमतेम साडेसात. पाने घातक ठरतात ती साचलेल्या पाण्यात, कारण कुजताना ती तेथील प्राणवायू संपवतात. तिथे दोष प्रवाह अडल्याचा असतो.

प्रश्न : नदी निरोगी आहे की नाही, हे प्रयोगशाळेविना कळेल का?

उत्तर : बऱ्याच अंशी कळते. खळाळातला एखादा गोटा अलगद उचलून त्याची खालची बाजू पाहावी. तेथे स्टोनफ्लाय आणि मेफ्लाय या कीटकांची पिल्ले किंवा वाळूचे कण चिकटवून घर बांधणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्या आढळल्या, तर पाण्यात भरपूर प्राणवायू आहे असे समजावे. केवळ लाल अळ्याच दिसल्या तर सांडपाण्याची शंका घ्यावी. पाण्याचा नमुना त्या क्षणापुरते सांगतो, हे कीटक मात्र मागील कित्येक आठवड्यांची साक्ष देतात. पाणी पिण्यायोग्य आहे का, हे मात्र त्यावरून ठरत नाही. त्यासाठी जंतूंची तपासणीच हवी. पाहून झाल्यावर गोटा त्याच जागी, त्याच बाजूने ठेवावा, कारण खालच्या अंगाला चिकटलेले जीव उघड्यावर पडले तर प्रवाहात वाहून जातात.