वाचकांचे प्रश्न : 'ऑर्वेल'चा दुसरा भाग खेळताना

हॅम्बर्गच्या ऑस्मॉटिक स्टुडिओजचा 'ऑर्वेल : कीपिंग अॅन आय ऑन यू' हा गेम ऑक्टोबर २०१६मध्ये आला. 'द नेशन' नावाच्या काल्पनिक देशाच्या पाळत यंत्रणेत बसायचं, अनोळखी लोकांची वेबपानं, फोन आणि संगणक चाळायचे आणि कामाची वाटेल ती माहिती वर पाठवायची, असा तो खेळ. दीड वर्षानं, २०१८च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, त्याचा दुसरा भाग 'ऑर्वेल : इग्नोरन्स इज स्ट्रेंग्थ' तीन एपिसोडमध्ये आला. पहिल्या भागाचं कौतुक करताना न थकणारे बरेच खेळाडू दुसऱ्यावर नाराज आहेत. आमच्याकडे आलेल्या पत्रांतही तोच सूर आहे. यातल्या काही तक्रारी रास्त आहेत. बाकीच्यांचं मूळ दुसरा भाग पहिल्यासारखाच खेळण्यात आहे. उत्तरांत कथेचा शेवट कुठेही फोडलेला नाही.

प्रश्न : पहिल्या भागात निवांत वाचता यायचं. दुसऱ्यात घड्याळ मानगुटीवर बसलेलं असतं. वाचायचं कधी आणि पाठवायचं कधी, तेच कळत नाही. – एक वाचक, नाशिक

सगळ्यात जास्त पत्रं याच तक्रारीची आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो. वाचण्याला वेळ लागत नाही. एखादं पान तुम्ही अर्धा तास वाचत बसलात तरी गेममधलं घड्याळ जागचं हलत नाही. ते हलतं अपलोड केल्यावर. एक डेटाचंक, म्हणजे रंगवून दाखवलेला माहितीचा एक तुकडा, प्रोफाइलमध्ये टाकला की दहा मिनिटं गेली. सहा तुकडे टाकले की एक तास गेला. म्हणजे हातात मिनिटं नसून मोजके अपलोड आहेत, असंच धरून चाला.

हिशेब सोपा आहे. समजा, आत्ता दुपारचे २.५० झालेत आणि कुणी ३.३०ला फोन करणार असल्याचा उल्लेख तुम्हाला कुठेतरी सापडला. तोवर तुमच्याकडे चार अपलोड आहेत. त्या चारांत तो नंबर ऐकण्याच्या यादीत आला नाही, तर ते संभाषण तुमच्याशिवाय होऊन जाईल.

इथे चूक होते ती पहिल्या भागातल्या सवयीमुळे. तिथे निळ्या रंगात दिसेल तो प्रत्येक तुकडा उचलून टाकला तरी घड्याळाचा भुर्दंड नव्हता. तीच सवय इथे ठेवली तर लक्ष्य व्यक्तीची आवडनिवड, जुन्या नोकऱ्या, कुणाशी झालेलं किरकोळ भांडण असले तुकडे टाकण्यातच दुपार संपते. त्यापेक्षा असं करा. नवं पान उघडलं की आधी शेवटपर्यंत वाचा आणि काहीही उचलू नका. तारखा, वेळा, भेटीची ठिकाणं वेगळ्या कागदावर लिहून घ्या. हो, खरोखरच्या कागदावर. मग रंगवलेल्या तुकड्यांचे दोन गट पाडा. पहिल्या गटात फोन नंबर, खात्याचं नाव, एखाद्या यंत्राची ओळख किंवा नव्या माणसाचं नाव, म्हणजे ज्यातून नवं दार उघडतं ते सगळं. दुसऱ्या गटात फक्त मत बनवणारे तुकडे. पहिला गट आधी पाठवा. दुसऱ्यातला प्रत्येक तुकडा टाकण्याआधी एकच पाहा : हा पाठवला नाही तर वरचे लोक कोणता निर्णय घेऊ शकणार नाहीत? उत्तर सुचलं नाही तर तो तुकडा राहू द्या.

घड्याळाचा जाच होतो हे खरंच आहे. पण अपुऱ्या माहितीवर, वेळेच्या दडपणाखाली, दुसऱ्याच्या आयुष्याबद्दल ठरवणारी यंत्रणा कशी चालते हे पहिल्या भागापेक्षा इथे जास्त जाणवतं. आमच्या मते दुसऱ्या भागातली ही सर्वांत चांगली भर आहे.

प्रश्न : परस्परविरोधी माहितीचे पिवळे तुकडे येतात तेव्हा खरा कोणता हे ओळखण्याची काही खूण आहे का? एकदा चुकीचा पाठवला की परत घेता येत नाही. – एक वाचक, सोलापूर

हमखास खूण नाही. दोन विरोधी तुकड्यांतला एक पाठवला की दुसरा कायमचा बंद होतो, आणि पाठवलेला मागे येत नाही. पण तो तुकडा कुठून आला हे पाहून बराच अंदाज बांधता येतो. माणूस सार्वजनिक पानावर स्वतःबद्दल लिहितो तो मजकूर सजवलेला असतो. खासगी गप्पांत थट्टा असते, रागाच्या भरातलं बोलणं असतं. बँकेच्या, दवाखान्याच्या किंवा सरकारी नोंदीत भावना नसते, पण ती नोंद जुनी असू शकते. म्हणून आधी तारीख बघा, मग ते वाक्य कुणाला उद्देशून आहे ते बघा.

खरी गोम पुढे आहे. तुमचा वरिष्ठ (पहिल्या भागात सायम्स, दुसऱ्यात अँपलफर्ड) मूळ पान पाहत नाही. तुम्ही पाठवलेली ओळच त्याच्या हाती पडते. मित्रानं मित्राला गंमतीत दिलेली धमकी वर पोचते तेव्हा गंमत खालीच राहिलेली असते. त्यामुळे 'खरं कोणतं' यासोबत 'संदर्भ काढून वाचलं तर याचा अर्थ काय लावतील' हाही विचार करावा लागतो. कधी कधी दोन्ही तुकडे न पाठवता पुढे जाता येतं आणि गेम तुम्हाला अडवत नाही. कथा पुढे सरकायला एखादा निवडणं भागच असेल, तर ते अँपलफर्डच्या बोलण्यातून कळतं. तोवर घाई करू नका.

प्रश्न : तीनच एपिसोड आणि शेवट गुंडाळल्यासारखा. पैसे वसूल होतात का? – एक वाचक, कोल्हापूर

ही तक्रार रास्त आहे. पहिल्या भागात पाच एपिसोड होते आणि तो पाच-सहा तास चालायचा. दुसरा सावकाश खेळूनही तीन-चार तासांत संपतो. एपिसोड २२ फेब्रुवारी, ८ मार्च आणि २२ मार्च २०१८ असे पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं आले, आणि सुरुवातीच्या खेळाडूंची अपेक्षा त्या वाट पाहण्यात वाढत गेली. आज तिन्ही एकत्र मिळतात, तेव्हा तुटकपणा तितका खुपत नाही.

आमचा आक्षेप वेगळ्या गोष्टीला आहे. या भागाचं खरं नवं हत्यार म्हणजे 'इन्फ्लुएन्सर'. माहितीचा एखादा तुकडा निवडायचा, त्याला हवा तो रंग देऊन समाजमाध्यमांवर सोडायचा आणि तो एका खात्यातून दुसऱ्यात कसा पसरत जातो ते पडद्यावर पाहायचं. पाळत ठेवणारा इथे बदनामी करणारा होतो. हे हत्यार पार शेवटाकडे हाती येतं. ते कसं चालतं हे कळेपर्यंत खेळ संपत आलेला असतो. खोटी बातमी हा या भागाचा गाभा आहे असं निर्माते स्वतः सांगतात, मग त्या गाभ्याला एवढीच जागा का, हा प्रश्न उरतो. सवलतीत मिळाला तर घ्याच. पूर्ण किमतीत घ्यायचा असेल तर आधी पहिला भाग खेळून पाहा.

प्रश्न : पहिल्या भागातल्या कसांड्राबद्दल वाईट वाटलं होतं. राबन व्हार्टबद्दल काहीच वाटत नाही. लेखन कमी पडलं का? – एक वाचक, पणजी

अनेकांनी हेच म्हटलंय. कसांड्रा वॉटरगेट ही आंदोलनातली तरुण मुलगी होती. फ्रीडम प्लाझातल्या बॉम्बस्फोटानंतर यंत्रणा तिच्या मागे लागते आणि आपला जीव आपोआप तिच्या बाजूला झुकतो. राबन पत्रकार आहे, 'द पीपल्स व्हॉइस' चालवतो, सरकारवर तुटून पडतो. पण तो अहंकारी आहे, चलाख आहे आणि आपल्या वाचकांना कसं पेटवायचं हे त्याला नेमकं ठाऊक आहे. ओलेग बकाय नावाच्या बेपत्ता माणसाचा माग काढता काढता आपण राबनपर्यंत पोचतो, आणि तिथून खेळ राबनशीच सुरू होतो.

आम्हाला ही निवड मुद्दाम केलेली वाटते, आणि धाडसाचीही. निरपराध, गोड माणसावर पाळत ठेवणं वाईट, हे कुणीही मान्य करेल. जो माणूस आपल्याला आवडत नाही, ज्याच्या बोलण्यात अर्धसत्य आहे, त्याच्या घरात शिरताना हात थांबतो का? पहिल्या भागात हे विचारलंच गेलं नव्हतं. तरीही तुमच्या प्रश्नात तथ्य आहे. राबनची बाजू समजायला लागणारी कुटुंबाची पार्श्वभूमी घाईनं येते, आणि भाऊ इल्याचा धागा आणखी विणायला हवा होता. या सगळ्यात बायको कॅरन सर्वांत जिवंत उतरली आहे. तिचे फोन आणि गप्पा नीट वाचा. राबनवर सोडलेला बाण आधी तिला लागतो.

प्रश्न : मी कायद्याची विद्यार्थिनी आहे. गेममधली 'आचारसंहिता' प्रत्यक्षातल्या कुठल्या व्यवस्थेशी जुळते का? – एक वाचक, पुणे

पहिल्या भागातली संहिता कामाची विभागणी करते. माहिती पाहणारा निर्णय घेत नाही, निर्णय घेणारा माहिती पाहत नाही. तपासनीसही देशाबाहेरचा असतो. दुसऱ्या भागात तुम्ही 'द ऑफिस' या अतिगुप्त विभागात असता आणि ते कुंपण बरंच विरळ होतं. इतकी काटेकोर विभागणी करणारी खरी व्यवस्था आमच्या पाहण्यात नाही.

निर्माते ज्या देशातले, त्या जर्मनीत पोलिसांना फोन ऐकायला साधारणपणे न्यायाधीशाची परवानगी लागते. गुप्तचर खात्यांच्या ऐकण्यावर १९६८च्या कायद्यानं आलेला 'जी-टेन' आयोग लक्ष ठेवतो. आपल्याकडे न्यायाधीश या साखळीत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या पीयूसीएल निकालानं फोन ऐकण्यासाठी घालून दिलेली चौकट पुढे टेलिग्राफ नियमांतल्या २००७च्या ४१९-अ नियमात आली आणि आता २०२३च्या दूरसंचार कायद्याखालच्या २०२४च्या नियमांत आहे. आदेश केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांचा, एका वेळी जास्तीत जास्त ६० दिवसांचा, मुदतवाढ धरून एकूण १८० दिवसांचा. फेरआढावा घेणारी समितीही सचिवांचीच. संगणकातल्या माहितीसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ आणि २००९चे नियम वेगळे. खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणाऱ्या ऑगस्ट २०१७च्या पुट्टस्वामी निकालासोबत हे वाचलंत तर निबंधाला चांगला विषय मिळेल. गेममधून एक मुद्दा जरूर उचला : परवानगी कुणी दिली याइतकंच, परवानगी देणाऱ्यासमोर कोणता तुकडा ठेवला गेला हेही तपासायला हवं.

प्रश्न : पहिला भाग न खेळता थेट दुसरा चालेल का? मराठीत आहे का? – एक वाचक, ठाणे

कथा कळेल. दोन्ही भाग एकाच काळात समांतर घडतात, त्यामुळे पहिल्यातले निर्णय पुढे नेण्याचा प्रश्न येत नाही. पण दुसऱ्यातले अनेक उल्लेख पहिला खेळला असेल तरच उमगतात, म्हणून क्रमानंच खेळा. मराठी नाही. खेळ जवळपास पूर्णपणे वाचनाचा आहे, फोनवरचं बोलणंही अक्षरांतच उमटतं. इंग्रजी सावकाश वाचणाऱ्यांनी दीडपट वेळ धरावा. भारी ग्राफिक्स कार्ड लागत नाही, घरचा साधा लॅपटॉप पुरतो.

प्रश्न : असेच आणखी गेम सुचवा. – एक वाचक, नागपूर

लुकास पोपचा 'पेपर्स, प्लीज' (२०१३) आधी. सीमेवरच्या तपासनीसाच्या खुर्चीत बसवून पोटापाण्याची भीती इतकी अंगावर आणणारा दुसरा खेळ नाही. त्यानंतर रशियातल्या वॉर्म लॅम्प गेम्सचा 'बिहोल्डर' (२०१६), त्यात घरमालकच भाडेकरूंवर नजर ठेवतो. माद्रिदच्या फिक्टिओरामाचा 'डू नॉट फीड द मंकीज' (२०१८) थोडा हलका आहे, पण पाहण्याची चटक कशी लागते ते नेमकं दाखवतो. ऑस्मॉटिकनं पुढे, २०२४मध्ये, 'क्लोजर द डिस्टन्स' काढला. त्याचा विषय अगदी वेगळा, दुःखाचा आहे, पण माणसांच्या आयुष्यात डोकावण्याची नजर तीच.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या माध्यम मंडळात हा गेम वीस-पंचवीस जणांनी मिळून खेळायचा आहे. कसा बसवावा? – एक प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर

प्रत्येक बैठकीत एक एपिसोड घ्या आणि दोन तास राखून ठेवा. एकट्याला तास-सव्वा तास लागतो, गटाला चर्चेमुळे जास्त. प्रोजेक्टरवर गेममधली अक्षरं बारीक दिसतात. आदल्या दिवशी त्याच खोलीत शेवटच्या बाकावरून वाचून बघा. वाचता आलं नाही तर एकानं मजकूर मोठ्यानं वाचायचा, हे आधीच ठरवा.

कामं वाटून द्या. एक जण माऊसवर, एक फळ्यावर घड्याळ आणि पुढच्या वेळा लिहायला, दोघं तारखा व नावं टिपायला. प्रत्येक अपलोडआधी हात वर करून मत घ्या, पण त्याला वीस सेकंदांची मर्यादा घाला, नाहीतर पहिल्या पानावरच बैठक संपते. विरोधी तुकड्यांच्या वेळी मात्र मर्यादा सोडा, कारण खरी चर्चा तिथेच होते.

आणखी एक करून बघा. पाच जणांना खोलीबाहेर बसवा. त्यांना मूळ पानं दाखवू नका, अपलोड केलेले तुकडेच कागदावर लिहून द्या आणि दर अर्ध्या तासानं विचारा : हा माणूस धोकादायक वाटतो का, याला ताब्यात घ्यावं का? त्यांची उत्तरं आतल्या गटाच्या मताशेजारी फळ्यावर लिहा. चिठ्ठ्यांवर तुकडा शब्दशः उतरवा, कुणालाही त्याचा सारांश करू देऊ नका. सारांश करणारा नकळत संदर्भ परत जोडतो आणि प्रयोग फसतो. तिसऱ्या बैठकीत 'इन्फ्लुएन्सर' आल्यावर बाहेरच्या पाचांना आत बोलवा आणि माऊस त्यांच्या हाती द्या.