तुमचे प्रश्न: खजिना ठाण्यात, नकाशा मोबाईलमध्ये

मागच्या अंकात मी जाता जाता लिहिलं होतं की भाच्याच्या वाढदिवसाला आम्ही जुन्या ठाण्यात मोबाईलवर ट्रेझर हंट खेळलो. एवढ्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. पावसाळ्यातल्या बुरशीचे प्रश्न पुढच्या अंकात, रागावू नका.

प्रश्न: आम्ही घोडबंदर रोडला चौदा वर्षं राहतोय पण माझ्या मुलांना ठाणं म्हणजे मॉल आणि फार तर तलावपाळीची पाणीपुरी एवढंच माहितीय. सोसायटीतली दहा ते चौदा वयाची डझनभर मुलं आहेत, त्यांच्यासाठी दिवाळीच्या सुट्टीत असा हंट करायचाय. रेडीमेड अ‍ॅप घ्यावं का? पैसे न घालवता घरी जमेल का? — एक आई, कासारवडवली

उत्तर: जमतं ताई, आणि घरचंच जास्त चांगलं होतं कारण रेडीमेडवाल्यांना तुमची पोरं कुठे कंटाळतात ते माहीत नसतं. मी साधा गूगल फॉर्म वापरला. एका सेक्शनमध्ये एकच कोडं, उत्तर लिहिणं कम्पल्सरी, आणि प्रश्नाच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर दाबलं की रिस्पॉन्स व्हॅलिडेशन म्हणून आहे तिथे बरोबर उत्तर टाकून ठेवायचं म्हणजे ते बरोबर आल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही. चुकलं तर कुठला मेसेज दिसावा तेही आपणच लिहायचं, मी लिहिलं होतं "मान वर कर, पाटी तुझ्या डोक्यावर आहे." उत्तर शक्यतो आकड्यात ठेवा हां. मी एका ठिकाणी "कौपिनेश्वर" असं उत्तर ठेवलं आणि पोरं लिहीत होती कोपिनेश्वर, कोपीनेश्वर, एकाने तर कौपनेश्वर, आणि फॉर्म सगळ्यांना नाही म्हणत होता, पाच मिनिटं भर बाजारात नुसता कल्ला. आणि आकडे इंग्रजी टाकायचे की मराठी ते आधीच सांगून ठेवा, माझी एक टीम मराठी कीबोर्ड लावून बसली होती.

आता खरी गोष्ट म्हणजे कोडी. पहिल्यांदा मी सगळी घरी बसून केली, मोठ्या ऐटीत. पहिलंच कोडं होतं, भारतातली पहिली पॅसेंजर गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली तिला किती डबे होते? पोरांनी स्टेशनच्या बाहेर पाऊलसुद्धा न टाकता गूगल केलं, १४, दहा सेकंदात खल्लास. १६ एप्रिल १८५३, ४०० पाहुणे, ३४ किलोमीटर, सगळं नेटवर आहे मग चालायचं कशाला? म्हणून माझा आता एकच नियम आहे, कोडं चपला घालून करायचं. म्हणजे काय तर आधी स्वतः तिथे जायचं, उभं राहायचं आणि तिथे जे दिसतंय तेच विचारायचं. पाटीवरचा तिसरा शब्द, पायऱ्या किती, समोरच्या दुकानाच्या बोर्डवरचं साल. आणि जे विचारलंत ते हंटच्या आदल्या दिवशी त्याच वेळेला परत जाऊन बघायचं. हे मी शिकले कारण माझी एक पाटी सणाच्या मांडवाच्या कापडामागे गेली होती आणि सहा पोरं कापड उचलून आत शिरली, कार्यकर्ते आले धावत, मग माफी बिफी.

बरं गूगल होणारी माहिती वायाही घालवायची नाही, तिला नुसतं तिरकं करायचं. त्याच पहिल्या गाडीला तीन इंजिनं होती, साहिब, सिंध आणि सुलतान. मी दुसऱ्या वेळी विचारलं, तिघांचं पहिलं अक्षर एकच, त्या अक्षराने सुरू होणाऱ्या किती पाट्या स्टेशनपासून जांभळी नाक्यापर्यंत दिसतात? उत्तर नक्की असं काही नव्हतं, जी टीम जास्त मोजेल तिला मार्क. पोरं साडी सेंटर, सराफ, स्टेशनरी ओरडत निघाली आणि मागून येणारे लोक आमच्याकडे बघत होते. पण मजा आली.

माझं सगळ्यात आवडतं कोडं टेंभी नाक्याचं. लिहिलं होतं: "ज्यांचा तेलाचा घाणा शनिवारी बंद असायचा, त्यांचं देऊळ शोधा. आडनावं तुमच्यासारखीच, पेणकर, नवगावकर." फोनवर शोधून लगेच सापडत नाही, विचारावं लागतं. एका म्हाताऱ्या शिंप्याने सांगितलं, अरे शनवार तेली म्हणजे बेने इस्रायली, ते समोर सिनेगॉग. कोकणातले हे ज्यू लोक तेलाचा धंदा करायचे आणि शब्बाथ म्हणजे शनिवारची विश्रांती पाळायचे म्हणून त्या दिवशी घाणा बंद, त्यावरून गावाने ठेवलेलं नाव. गावावरून आडनाव लावायची पद्धतही आपलीच. टेंभी नाक्याचं शआर हाशमाईम १८७९ चं आहे, नावाचा अर्थ स्वर्गाचं दार. माझा भाचा त्या नाक्यावरून रोज रिक्षाने शाळेत जातो, त्याने आजवर मान वळवून बघितलं नव्हतं. फक्त शनिवार टाळा, आणि आत जायचं असेल तर आधी विचारून परवानगी घ्या, नाही मिळाली तर बाहेरूनच बघा, कोडं बाहेरच्या पाटीवरच ठेवा.

दुसरं एक तलावपाळीचं. "एकच माणूस. नाटकं खऱ्या नावाने, कविता गोविंदाग्रज म्हणून, विनोद बाळकराम म्हणून. तिघांना मिळून एक घर, पाण्याच्या काठाला." आजोबा लोकांना दोन सेकंदात येतं, पोरांना येत नाही, म्हणून प्रत्येक टीममध्ये एक आजी किंवा आजोबा टाका, खरंच टाका. उत्तर राम गणेश गडकरी. त्यांच्या नावाच्या गडकरी रंगायतन नाट्यगृहासमोर उभं राहून आमच्या टीममधले एक आजोबा चक्क "एकच प्याला"मधला सुधाकर करून दाखवायला लागले, आम्ही दहा मिनिटं मागे पडलो.

कौपिनेश्वराच्या देवळात मात्र मोबाईल खिशात ठेवायला सांगा. गाभाऱ्यातली पिंडी केवढी मोठी आहे ते डोळ्यांनी बघू दे, आणि १७६० मध्ये रामाजी महादेव बिवलकरांनी देवळाचा जीर्णोद्धार केला एवढं बाहेर येऊन सांगा. तिथली चिठ्ठी मी फुलवाल्या मावशींकडे दिली होती, त्यांना सांगून ठेवलेलं की जो "एक बेलाचं पान द्या" म्हणेल त्यालाच द्यायची. मावशींनी पोरांना बेल विकला पण! क्यूआर कोड चिकटवू नका कुठे, देवळाच्या चर्चच्या भिंतीवर तर नाहीच, आणि रस्त्यावरचा कोड कोणी मध्येच बदलला तर पोरं भलत्याच लिंकवर जातील.

रविवारी सकाळी साडेसातला सुरू करा, साडेनऊनंतर जांभळी नाक्याला पाय ठेवायला जागा नसते. सेंट जॉन चर्चमध्ये त्यावेळी प्रार्थना असते, बाहेरून शांतपणे जा. टीमला एकच फोन, एक पॉवर बँक, एक मोठं माणूस. बाकी फोन बॅगेत.

प्रश्न: नातवाच्या शाळेतल्या हंटला गेलो होतो. मी कोर्ट नाक्याला उभा आणि फोन सांगतोय मी तलावाच्या मध्यभागी. बोटीत बसलोय की काय! फोन नवा आहे, सेटिंगही बरोबर आहे. असं का होतं? — एक आजोबा, नौपाडा

उत्तर: काका, फोनचा दोष नाही, भिंतींचा आहे. जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटरवर आहेत, फोन त्यांचे सिग्नल किती वेळात आले ते मोजून आपण कुठे आहोत ते ठरवतो. वेळेची चूक एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाएवढी झाली तरी तीनशे मीटरचा फरक पडतो. आता मोकळ्या मैदानात सिग्नल सरळ येतो, तिथे साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर सांगतो. पण दोन्ही बाजूला उंच बिल्डिंग असल्या की तो काचेवर भिंतीवर आपटून लांबच्या रस्त्याने येतो, फोनला वाटतं अंतर जास्त आहे, आणि तुम्ही जाता तलावात. स्टेशनजवळ सॅटिसच्या, म्हणजे बसच्या उंच पुलाखाली तर आकाशच दिसत नाही, तिथे त्याच्यावर विसंबूच नका.

जे हंट बनवतात त्यांना सांगा की फोनने "पोचलात" म्हणायला ठिकाणाभोवती दहा मीटरचं वर्तुळ ठेवू नका, चाळीस तरी ठेवा. आणि दिशा उलटी दाखवत असेल तर फोन हवेत आडव्या आठच्या आकारात फिरवा, होकायंत्र सुधारतं. लोक बघतील, बघू दे.

गंमत सांगू का, २००० सालच्या मेपर्यंत अमेरिकन सरकार साध्या लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक घालून ठेवायचं, त्यामुळे शंभर मीटरचा घोळ व्हायचा. ते बंद केलं आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमध्ये एका माणसाने जंगलात बादली पुरून तिच्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले, कोणाला सापडते बघा म्हणून. जिओकॅशिंग म्हणतात तो खेळ तिथून सुरू झाला. तुमच्या नातवाचा हंट त्याच्याच वंशातला.

प्रश्न: आम्ही वाशीचे. आमच्याकडे कसला इतिहास, सगळं सिडकोने बांधलेलं. आम्ही ठाण्यालाच यायचं का? — दोघी मैत्रिणी, वाशी सेक्टर १७

उत्तर: या की, ट्रान्स हार्बर लोकलने थेट याल. पण सिडको १९७० ची, गावं त्याच्या कितीतरी आधीची. बेलापूरचा किल्ला आहे, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज सगळ्यांच्या हातून गेलेला. आणि सेक्टरच्या नंबरांच्या मध्ये अडकलेली जुनी गावठाणं आहेत ना, तिथे जा, कोळीवाड्यात जा. कोडं असं करा: सेक्टर नंबर न वापरता पत्ता सांगा. वाशीच्या माणसाला इतकं अवघड काहीच नाही.

प्रश्न: कॉलेजच्या ग्रुपसाठी हंट करतोय. शेवटचं कोडं ठाण्याच्या किल्ल्यात ठेवायचंय पण मॅपवर तिथे सेंट्रल जेल दिसतंय. आत जाता येईल का? गेटचा फोटो टास्क म्हणून दिला तर? — एक विद्यार्थी, ऐरोली

उत्तर: मॅप बरोबर आहे, किल्ला म्हणजेच जेल. आत नाही जाता येणार, आणि फोटोचा टास्क तर अजिबात देऊ नकोस, चालू जेल आहे, वीस पोरं फोन रोखून उभी राहिली तर विचारणारच ना. पण तुझी जागा एकदम बरोबर आहे, फक्त कोडं बदल. कारण माझ्या मते ठाण्यातला पहिला ट्रेझर हंट तिथेच झाला, दोनशे वर्षांपूर्वी, आणि त्यात क्लू गाण्यातून दिले होते.

झालं असं, १८१५ मध्ये पंढरपुरात बडोद्याच्या गायकवाडांचे वकील, म्हणजे दूत, गंगाधरशास्त्री यांचा खून झाला. इंग्रजांनी ठपका ठेवला दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच्यावर आणि त्याला आणून ठाण्याच्या किल्ल्यात टाकलं. पहारा मुद्दाम गोऱ्या शिपायांचा ठेवला, आपला देशी माणूस फितूर होईल म्हणून. आणि तिथेच फसले. किल्ल्यातल्या एका साहेबाच्या घोड्याचा मोतद्दार रोज त्रिंबकजीच्या खिडकीखाली घोडा फिरवायचा, खरारा करायचा आणि मराठीत काहीतरी गुणगुणायचा. गोऱ्या पहारेकऱ्याला वाटायचं गातोय बिचारा. तो गाण्यात सांगत होता माणसं कुठे लपलीयत, घोडा कुठे तयार आहे, कधी निघायचं. सप्टेंबर १८१६ च्या एका रात्री त्रिंबकजी भिंतीपलीकडे गेला, सकाळी खोली रिकामी.

नंतर १८२५ मध्ये बिशप हेबर नावाचे कलकत्त्याचे इंग्रज पाद्री ठाण्यात आले होते, इथल्या चर्चच्या उद्घाटनाला, त्यांनी ही गोष्ट ऐकून आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवली. गाण्याचा मतलब इंग्रजी कवितेत घातला. मूळ मराठी शब्द मात्र त्यात नाहीत, ते त्या मोतद्दाराबरोबरच गेले.

तेव्हा शेवटच्या कोड्याला जेलपासून लांब, रस्त्याच्या पलीकडे मुलांना थांबव आणि लिहून कोडं देऊच नकोस. ग्रुपमधल्या कोणाला तरी ऑडिओ क्लिप करायला सांग, चार ओळींचं साधं गाणं, ओवीसारखं, आणि त्यात पुढची जागा लपव. ग्रुपमधली जी मुलं मराठी नीट समजत नाही म्हणतात त्यांना विचारू दे बाकीच्यांना. तुमच्यापैकी एक जण गोरा शिपाई होईल आणि एक मोतद्दार, आणि त्याच्यावरून जी भांडणं होतील ती मला कळव.

प्रश्न: बक्षीस काय ठेवावं? चॉकलेट नको, सगळ्यांना शुगर आहे. — सीनियर सिटिझन ग्रुप, पाचपाखाडी

उत्तर: मामलेदार कचेरीजवळची मिसळ. हरलेल्या टीमने बिल द्यायचं. आणि कमी तिखट सांगायला विसरू नका, मी दोनदा विसरले.