फँटसी गेमच्या कथेत दरबारी कारस्थाने सरस की राक्षसांची शिकार?

तुमचा प्रश्न असा आहे की, ‘द विचर’ ही पैसे घेऊन राक्षस मारणाऱ्या ‘विचर’ची गेम-मालिका नव्याने खेळायला घेताना राजेरजवाड्यांच्या कारस्थानांनी भरलेला दुसरा भाग आधी खेळावा की शिकारीसाठी नावाजलेला तिसरा, आणि एकूणच फँटसी रोल-प्लेइंग गेममध्ये यांपैकी कोणती कथा अधिक सकस असते. शेवटी तुम्ही विचारले आहे, “राक्षस मारणे म्हणजे मधला वेळ भरून काढणे, खरी कथा राजकारणातच असते ना?” मी हे उत्तर लिहायला बसलो तो या शेवटच्या वाक्यामुळे, कारण जवळपास याच शब्दांत हे वाक्य मी २०१७ च्या दिवाळीत माझ्या आतेभावाच्या तोंडून ऐकले होते आणि तेव्हा मला त्याचे उत्तर देता आले नव्हते.

आमचे गाव चाळीसगाव तालुक्यात, गिरणेच्या खोऱ्यात आहे. घरची शेती कपाशीची आणि थोड्या उसाची. आतेभाऊ पुण्यात नोकरीला. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा असल्यामुळे मी त्याला दादाच म्हणतो. त्या दिवाळीत तो ग्राफिक्स कार्ड असलेला नवा लॅपटॉप घेऊन आला होता आणि त्यावर विचरचा तिसरा भाग होता. त्याचा गेम एकदा पूर्ण झालेला होता, मी पहिल्यांदाच खेळत होतो. त्यामुळे कीबोर्ड माझ्या हातात आणि सूचना त्याच्या, अशी आमची बैठक रात्री जेवणे उरकल्यावर माडीवर बसत असे.

व्हाइट ऑर्चर्ड या सुरुवातीच्या गावातल्या ग्रिफिनच्या, म्हणजे गरुडाचे तोंड आणि सिंहाचे धड असलेल्या उडत्या राक्षसाच्या, शिकारीपाशी आमचे पहिल्यांदा बिनसले. येनेफर या चेटकिणीचा ठावठिकाणा हवा असेल तर आधी ग्रिफिन मार, अशी अट जिंकलेल्या सैन्याचा कप्तान गेराल्टला, म्हणजे आपण खेळतो त्या विचरला, घालतो. आपण मिस्लाव्ह नावाच्या शिकाऱ्याबरोबर रानात जातो, माग काढत काढत घरट्यापर्यंत पोचतो आणि तिथे कळते की ग्रिफिनची मादी याच सैन्याच्या शिपायांनी मारली आहे आणि घरटे जाळून टाकले आहे. म्हणजे जो नर गावावर तुटून पडतो आहे, त्याला पिसाळवले आहे ते ज्यांनी आपल्याला सुपारी दिली त्यांच्याच माणसांनी. मी तिथे थांबून मादीचे मढे, जळालेल्या काटक्या, शिपायांच्या मुक्कामाच्या खुणा असे सगळे नीट पाहत होतो. दादाचे म्हणणे पडले की हे पाहून काही हाती लागत नाही, ग्रिफिन लवकर उरक, खरी कथा पुढे नोव्हिग्राड शहरात आहे, तिथे हेर आहेत, राजे आहेत, चेटकिणी आहेत. त्यानंतर त्याच कप्तानाकडे मोबदला घ्यायला गेलो, तेव्हा एका शेतकऱ्याने सैन्याला सडके धान्य दिले म्हणून कप्तानाने त्याला फटक्यांची शिक्षा फर्मावली. हा प्रसंगही त्याने बोलणे पुढे ढकलत ढकलत संपवायला लावला. मी कप्तानाचे पैसे घेतले नाहीत, त्यावरूनही त्याने मला ऐकवले.

ते वर्ष आमच्या भागात बिबट्याचे होते. चाळीसगाव तालुक्यात बिबट्याने माणसांचे बळी घेतले आणि डिसेंबरात त्याला गोळी घालावी लागली, हे तेव्हाची वर्तमानपत्रे वाचलेल्यांना आठवत असेल. आमच्या शिवारात आला तो तोच की दुसरा, हे कोणालाच सांगता आले नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आमचा सालदार मळ्यातून धावत आला. खळ्यात बांधलेला सहा महिन्यांचा गोऱ्हा दावणीला नव्हता. दावे तुटलेले होते आणि फरफटल्याची खूण उसात शिरत होती. आबा, दादा आणि मी त्याच्या मागोमाग गेलो. रात्री उसाला पाणी भरलेले असल्यामुळे सरीतल्या ओल्या मातीत ठसे स्पष्ट उमटले होते. मी म्हणालो, मोठ्या कुत्र्याचे असतील. सालदार उकिडवा बसला, ठशाच्या कडेने त्याने बोट फिरवले आणि म्हणाला, “हाऊ कुत्राना पाय नही शे, भाऊ. नखं कोठे शेतस?” ठशाच्या पुढे नखांची एकही टोचणी नव्हती. कुत्र्याची नखे मातीत उमटतात, बिबट्या चालताना नखे आत ओढून घेतो. ठसा माझ्या तळहाताहून थोडा लहान, वाटोळा आणि कडेला अजून पाणी झिरपत असलेला होता. मी आदल्याच रात्री पडद्यावर अगदी तसाच वाकून बसलो होतो.

त्या ठशापासून सुरुवात करून मागे मागे जात राहिले की काय दिसते, ते तुम्हाला सांगतो. सालदार रात्री मळ्यात का होता? पाणी भरायला. पाणी रात्री का? कारण त्या आठवड्यात शेतीपंपाची थ्री फेज वीज रात्रीच होती. आमच्यासारखी कितीतरी माणसे त्या दहशतीच्या महिन्यांतही हातात विजेरी आणि काठी घेऊन अंधारात उसात उतरत होती, कारण पीक वाळू द्यायचे की जीव धोक्यात घालायचा याचा निर्णय विजेच्या वेळापत्रकाने आधीच करून ठेवला होता. दिवसा वीज द्या, असे अर्ज गावोगावहून गेले होते. पुढे पिंजऱ्याचा विषय निघाला. पिंजरा आला, पण ठसे होते नाल्याकडच्या बाजूला आणि पिंजरा लागला रस्त्याकडेला, गावातल्या एका पुढाऱ्याच्या शेतात, कारण नुकत्याच झालेल्या सरपंचपदाच्या निवडणुकीत आमची गल्ली दुसऱ्या पॅनलकडे गेली होती. पंचनाम्याला माणूस तिसऱ्या दिवशी आला, तोवर गोऱ्ह्याचे काही शिल्लक राहिले नव्हते आणि भरपाईचा कागद तिथेच अडला. पिंजरा मोकळाच राहिला.

त्या रात्री माडीवर मी दादाला म्हणालो की, बघ, ग्रिफिनची गोष्ट हीच आहे. तो म्हणाला, “ते राजकारण झालं. बिबट्याचा त्याच्याशी काय संबंध? जनावर कुठेही आलं असतं.” आणि मग वर ते वाक्य, की राक्षस हा मधला वेळ भरून काढण्याचा प्रकार आहे, खरी कथा दरबारात. मी गप्प बसलो. जनावर कुठेही आले असते, हे मलाही खोटे म्हणता येईना.

आज मी त्याला असे उत्तर देईन. जनावर कुठेही आले असते, पण अंधारात त्याच्यासमोर कोण उभे असेल हे मात्र कोणीतरी ठरवलेले होते, आणि ते कोणी ठरवले याचा शोध चावडीपासून नव्हे, ठशापासूनच सुरू होतो. चावडीवर बसून राजकारण ऐकले तर प्रत्येक जण आपापली बाजू सांगतो. ठशाच्या मागे चालत गेलात तर राजकारणाचा परिणाम आधी दिसतो आणि माणसे नंतर भेटतात. तोवर त्यांच्या गोड बोलण्याला तुम्ही फसण्यासारखे राहिलेले नसता. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, गेम या माध्यमात राजकारण सांगण्याची सर्वांत उत्तम रीत म्हणजे शिकार. कादंबरीत दरबार रंगतो, कारण तिथे माणसाच्या मनात शिरता येते. गेममध्ये दरबार म्हणजे बहुतेक वेळा एक दालन, चार उभी माणसे आणि खाली तीन वाक्यांचे पर्याय. तिथे तुमचे हात रिकामे असतात. शिकारीत मात्र तुम्ही वाकता, हुंगता, खुणा जुळवता, तेल आणि काढे तयार करता आणि निष्कर्ष तुमचा तुम्ही काढता.

उदाहरणे पाहा. २०११ च्या ‘स्कायरिम’मध्ये एकीकडे ड्रॅगन आहेत, दुसरीकडे यादवी युद्ध. यादवीची बाजू घेतली की एकामागून एक गड सर करायचे, आणि प्रत्येक गडावरची लढाई मागच्या लढाईसारखीच. त्या राजकारणाला खरी धार येते ती ड्रॅगनमुळे: यादवी मिटलेली नसेल तर ड्रॅगन पकडण्याआधी हाय ह्रॉथगर या डोंगरावरच्या मठात तहाची बैठक भरवावी लागते, आणि कोणता प्रांत कोणाला द्यायचा यावर दोन्ही बाजू तुमच्या देखत हुज्जत घालतात. राक्षस दाराशी आला तेव्हाच ती माणसे एका मेजाशी बसली. उलट विचरच्या तिसऱ्या भागातली राजा रॅडोव्हिडच्या हत्येची क्वेस्ट (गेममधली कामगिरी) घ्या. नुसते राजकारण आहे आणि पर्यायी आहे. ती हुकली तर अख्ख्या युद्धाचा निकाल फिरतो. एवढे मोठे प्रकरण, पण शेवटी डिक्स्ट्रा नावाचा अत्यंत मुरलेला हेर सगळ्यांसमोर उघडपणे दगा देतो आणि तुम्हाला घाईघाईने एक बाजू निवडावी लागते. जो माणूस दोन पावले पुढचा विचार करतो म्हणून आपण त्याला मानत आलो, तो इतके कच्चे काम करील हे मला पटले नाही, आजही पटत नाही.

दादाचा आणखी एक युक्तिवाद होता, की राज्ये मसलतीने मिळतात, शिकारीने नाही. यावर खानदेशच्या माणसाने तरी मान डोलावू नये. १८१८ नंतर इंग्रजांचा अंमल इथे बसला, पण सातपुडा आणि सातमाळ्याच्या डोंगरांतले भिल्ल त्यांना जुमानत नव्हते. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम हा तरुण अधिकारी आला आणि त्याने भिल्लांचीच पलटण उभी केली. धरणगाव हे तिचे ठाणे. भिल्लांमध्ये त्याचा जो शब्द चालू लागला, त्यात त्याच्या वाघाच्या शिकारींचा मोठा वाटा होता. म्हणजे जिथे फौजा पाठवून भागले नव्हते, तिथे रानात बरोबरीने माग काढणाऱ्याने सत्तेचा पाया घातला. हे कौतुकाने सांगत नाही. त्या पलटणीने पुढे कोणाचे राज्य राखले हे आपण सारे जाणतो. पण शिकार हा राजकारणाबाहेरचा पोरखेळ आहे, हे म्हणणे इथल्या मातीत तरी टिकत नाही.

माझे म्हणणे एकांगी होऊ नये म्हणून दोन गोष्टी कबूल केल्या पाहिजेत. विचरचा दुसरा भाग राजकारणाच्या बाबतीत खरोखर धाडसी आहे. सैन्याधिकारी रोश आणि बंडखोर एल्फ आयोर्व्हेथ यांपैकी तुम्ही कोणाबरोबर जाता यावर दुसरे प्रकरण जवळजवळ संपूर्ण बदलते: एका वाटेने तुम्ही राजा हेन्सेल्टच्या छावणीत, दुसऱ्या वाटेने त्याच लढाईच्या पलीकडे वर्गेन नगरात. एका खेळण्यात गेमचा मोठा भाग दिसतच नाही, हे पत्करायला निर्मात्यांची छाती लागते. पण तिथेही लक्षात घ्या की राजांचे खून करणारा लेथो हा स्वतः विचर आहे. राक्षस मारण्याची विद्या असलेल्या माणसाला दरबाराने आपले हत्यार केले, हीच त्या कारस्थानाची मूळ गाठ आहे. दुसरे, २००९ च्या ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’मधली लँड्समीट ही सरदारांची सभा. ऑस्टागारच्या लढाईत लोगेन हा सेनापती आपल्या राजाला टाकून फौज मागे घेतो आणि तिथून त्या सभेपर्यंत तुम्ही कुठे काय केले, याचा हिशेब तिथे मांडला जातो. ती नुसती बोलण्याची जागा असूनही दमदार आहे, कारण ज्या राक्षसी लोंढ्याकडे सरदार काणाडोळा करत आहेत, तो तुम्ही स्वतः पाहून आलेला असता.

आता तुमच्या मूळ प्रश्नाविषयी. दुसरा भाग आधी खेळायला हरकत नाही, तो तिसऱ्याच्या मानाने लहान आहे. पण त्याची लढाईची पद्धत सुरुवातीला फार छळते आणि तिथेच कंटाळून मालिका सोडणारे मी पाहिले आहेत. तसे होईल असे वाटत असेल तर सरळ तिसरा घ्या. मात्र गावातल्या सूचनाफलकावरची शिकारीची कामे टाळून मुख्य कथेमागे धावू नका, आणि संवाद पुढे ढकलू नका. व्हाइट ऑर्चर्डमधली विहिरीची शिकार तर अजिबात सोडू नका. तिथे विहिरीवर दोराला टांगलेले एका स्त्रीचे प्रेत आहे, तिचे कंकण खाली पाण्याच्या तळाशी आहे, आणि ती दोन्ही एकत्र जाळल्याशिवाय तिचा आत्मा हटत नाही. कोणा एका घरातले आजारी लेकरू त्या विहिरीच्या चांगल्या पाण्याची वाट पाहत असते. मी ती दिवाळीनंतर एकट्याने, उसन्या लॅपटॉपवर खेळलो.

आणि स्केलिगेच्या बेटांवर पोचलात की केअर ट्रोल्डे गडावरच्या मेजवानीआधी गेम सेव्ह करून ठेवा. राजा ब्रान वारला आहे, गादीसाठी तरुण दावेदार जमले आहेत आणि भर पंगतीत अस्वले शिरून पाहुण्यांना फाडतात. वरवर पाहता ही राक्षसांची गोष्ट आहे. तिथे दावेदारांपैकी यालमार अस्वलांच्या मागे धावायला निघतो आणि त्याची बहीण केरिस, तीही दावेदार, म्हणते की आधी दालन नीट पाहू. केरिसबरोबर जा. मद्याचा वास घ्या, तळघरात उतरा, खुणा जुळवा, म्हणजे ती अस्वले कोण होती आणि आपल्या मुलाला, स्वानरिगेला, गादीवर बसवण्यासाठी हे कोणी घडवून आणले, ते तुमच्या हाताने उघड होईल. दोघांनाही नकार दिला तर तपास होत नाही आणि स्वानरिगे राजा होतो. दादाने पहिल्या खेळण्यात दोघांनाही नकार दिला होता, कारण त्याच्या मते ती अस्वलांची क्वेस्ट होती. गेल्या वर्षी तो पुन्हा स्केलिगेपर्यंत आला तेव्हा मी त्याला फोनवर एवढेच सांगितले की या वेळी केरिसबरोबर जा. रात्री साडेअकराला त्याचा फोन आला आणि त्याने पहिली चौकशी केली ती मळ्यातल्या विजेच्या वेळेची.