वळणाचा पट्टा आखताना आधी आतली त्रिज्या

सरळ कन्व्हेयर जमला म्हणून वळणही जमेल, असं धरून चालू नकोस. वळणावर प्लास्टिकच्या मॉड्युलर पट्ट्याची, म्हणजे छोट्या कड्या एकमेकींत गुंफून केलेल्या पट्ट्याची, बाहेरची कड पूर्ण ताणलेली असते आणि आतल्या कड्या एकमेकींत सरकतात. बहुतेक पट्ट्यांना आतली त्रिज्या, म्हणजे वळणाच्या आतल्या कडेची त्रिज्या, पट्ट्याच्या रुंदीच्या साधारण 2.2 पट लागते. म्हणजे 500 मिमी रुंदीला 1100 मिमी. जागा कमी आहे म्हणून यात काटछाट केलीस, तर कड्या एकमेकींवर अडकतील. नेमका आकडा उत्पादकाच्या तक्त्यातूनच घे.

खरी गोम ताणात आहे. वळणावर पट्टा आतल्या गाइडवर, म्हणजे त्याला वळणात धरून ठेवणाऱ्या आतल्या बाजूच्या आधारावर, दाबला जातो आणि ताण बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतो. घर्षणांक 0.2 असेल तर 90 अंशांत 1.37 पट, 180 अंशांत 1.87 पट. म्हणून वळण मोटरपासून लांब, शेपटाकडे ठेव. तिथे मुळात ताण कमी असतो. शिवाय हा सगळा ताण बाहेरच्या कडेच्या मोजक्या कड्या पेलतात, त्यामुळे सरळ भागासाठी दिलेली ताकद वळणाच्या हिशेबात धरू नकोस. मी एकदा धरली होती. पट्टा बाहेरच्या कडेनेच तुटला.

आतल्या गाइडची पट्टी मात्र सहज बदलता येईल अशी बसव, आधी तीच झिजते.