शाळेला सांगायचं की नाही?

जून जवळ आला की माझ्याकडे येणाऱ्या आईवडिलांचा प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, याला ऑटिझम आहे हे शाळेत सांगू की नको?" त्यामागची भीतीही ठरलेलीच. सांगितलं तर शाळा दाखला हातात देईल, 'विशेष शाळेत घाला' म्हणेल, पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चर्चा होईल. नाही सांगितलं तर मूल वाह्यात ठरतं आणि 'लाडावून ठेवलंय' हे आईला ऐकून घ्यावं लागतं. याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून एका कुटुंबाबद्दल सांगते. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ओजस दुसरीत, खासगी अनुदानित सेमी इंग्रजी शाळेत. निदान चौथ्या वर्षीच झालेलं, पण प्रवेश अर्जातला 'विशेष गरजा' हा रकाना वडिलांनी कोरा सोडलेला. मुलगा वाचतो छान, पाढे घडाघडा म्हणतो. पण वर्गातून उठून पळायचा, मधल्या सुट्टीनंतर स्वतःचा हात चावायचा, दोनदा शेजारच्या मुलाला ढकललं. शेवटी शाळेने सांगितलं, शॅडो टीचर (वर्गात फक्त या मुलाजवळ थांबणारी मदतनीस) आणा, पगार तुम्ही द्या, नाहीतर दुसरी शाळा बघा.

मग ओजसची आई, स्मिताताई, जाडजूड फाइल घेऊन मुख्याध्यापिकांकडे गेल्या आणि रडत रडत सगळं सांगून मोकळ्या झाल्या. त्यांना उत्तर मिळालं, "आम्हाला वाईट वाटतं हो, पण पन्नास मुलांच्या वर्गात बाईंनी नेमकं करायचं काय?"

स्मिताताईंना हे फार लागलं होतं. मला मात्र तो प्रश्न रास्त वाटला. निदानाचा कागद, थेरपीचे अहवाल, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या सगळं होतं त्या फाइलमध्ये, आणि एकाही कागदात 'बाईंनी काय करायचं' याचं उत्तर नव्हतं. 'सांगू की नको' यात पालक महिनोन्‌महिने अडकतात. नेमकं काय सांगायचं, हा खरा प्रश्न पुढेच येत नाही.

माझी कामाची पद्धत थोडी उलटी आहे. मूल का बिघडतं याच्या मागे मी फार लागत नाही. कधी बिघडत नाही, ते विचारते.

"ओजस शाळेत शांत असतो असा एखादा वार? एखादा तास?"

"नाही हो. रोजचंच आहे."

"रोज तक्रार येते?"

"ही बघा ना." त्यांनी शाळेची डायरी पुढे केली. लाल शाईतले शेरे, प्रत्येकाखाली तारीख आणि सही. 'वर्गाबाहेर गेला.' 'लेखन अपूर्ण.' 'हात चावला, पालकांनी भेटावे.' मी टेबलावरचं कालनिर्णय त्यांच्यापुढे ठेवलं आणि एकेक तारीख वारावर टाकायला सांगितलं. स्मिताताई वाचत गेल्या, मी खुणा करत गेले. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार. बुधवार जवळजवळ कोरा. शनिवारीही काही नाही.

"बुधवारी चित्रकला असते, म्हणून असेल," त्या म्हणाल्या.

"आणि शनिवारी?"

"शनिवारी सकाळची शाळा. दमत नसेल."

पटण्यासारखं होतं, पण मला दोन दिवसांचं एकच कारण हवं होतं. म्हणून मी थांबले. या खोलीत मी जे काही चांगलं काम केलं असेल ते बहुतेक अशा वेळी गप्प राहून केलंय, असं मला वाटतं.

ओजसचे बाबा तोवर मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. 'बायको म्हणाली म्हणून आलो' हे त्यांच्या बसण्यातूनच कळत होतं. मान वर न करता ते म्हणाले, "बुधवारी-शनिवारी पी.टी.चा ड्रेस असतो."

"म्हणजे?"

"टी-शर्ट. टाय नसतो, कडक कॉलर नसते." आता मोबाइल खाली ठेवला. "सकाळी टाय मीच लावतो ना. गाडीवर पुढे बसतो तो, शाळेच्या गेटपर्यंत कॉलर ओढत असतो. इथे मागे लाल झालेलं असतं." त्यांनी स्वतःच्या मानेला हात लावला.

स्मिताताई नवऱ्याकडे बघतच राहिल्या. "मला कधी सांगितलं नाहीत."

"कुणी विचारलंच नाही."

अर्जातला रकाना कोरा ठेवणारा, 'माझ्या मुलाला काही झालेलं नाही' म्हणणारा बाप रोज सकाळी त्या मानेकडे बघत होता. न बोलणाऱ्या वडिलांना मुलाची फिकीर नसते, असं घरात सगळेच धरून चालतात. माझा अनुभव वेगळा आहे. बाबांना निदानावर बोलायला सांगितलं की ते उठून जातात, टायबद्दल विचारलं की तासभर बोलतात.

पुढच्या भेटीत मधल्या सुट्टीचंही कोडं सुटलं. घंटा झाली की सगळी मुलं एकदम जिन्यात घुसत आणि त्या रेटारेटीतून आलेला ओजस वर्गात पोचेपर्यंत पार पिळवटलेला असे. मग बाबांनी स्वतः अर्ज लिहिला, एक पानी, वर्गशिक्षिकांमार्फत मुख्याध्यापिकांना. सुरुवातीला दोन ओळींत निदान आणि मागच्या कोऱ्या रकान्याचा खुलासा. पुढे तीन विनंत्या: रोज पी.टी.चा टी-शर्ट घालायची परवानगी, सुट्टी संपायच्या आधी दोन मिनिटं वर्गात यायची मुभा, आणि दिवसाच्या तासांची चिठ्ठी बाकावर चिकटवणं. ती चिठ्ठी घरूनच लिहून येईल, असंही नमूद केलं. शाळेला एक रुपया खर्च नाही.

टी-शर्टवर मुख्याध्यापिका अडल्या. "उद्या सगळेच मागतील." पण वर्गशिक्षिकाच म्हणाल्या, महिनाभर करून बघू. लाल शेरे थांबले नाहीत, पण विरळ झाले. हात चावणं आठवड्यातून एखाद्या वेळेवर आलं. शॅडो टीचरचा विषय पुन्हा निघाला नाही. प्रत्येक मुलाचं एवढ्यावर भागत नाही हे मला माहीत आहे. काहींना वर्गात खरंच पूर्णवेळ माणूस लागतो. पण तेही ठरवायचं ते अशा नोंदी ठेवल्यानंतर.

आता कायद्याचं. अर्जाच्या शेवटी एकच ओळ होती, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016, कलम 16. ऑटिझम या कायद्यातल्या 21 दिव्यांगत्वांपैकी एक आहे. शासनाने मान्यता दिलेल्या शाळेने, मग अनुदान असो वा नसो, भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी करायच्या, असं हे कलम सांगतं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही (अल्पसंख्याक दर्जाच्या शाळांना हा कायदा लागू नाही, तेवढं तपासा). 6 ते 18 वर्षांपर्यंत, दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल तर, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि निवड मुलाची आहे, शाळेची नाही. तरी पहिल्याच भेटीत ही कलमं टेबलावर आपटू नका. ज्या बाईंनी मुलाला रोज सांभाळायचंय, त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून काय मिळणार?

बाबांचा दुसरा धसका दिव्यांग प्रमाणपत्राचा होता. "एकदा शिक्का बसला की बसला." मी त्यांना सांगितलं की वाजवी सोयी मागायला 40 टक्क्यांची अट नाही, म्हणून टी-शर्टसाठी सिव्हिलच्या रांगेत उभं राहायची गरज नाही. पण परीक्षेतला जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतली सूट, शिष्यवृत्ती यांसाठी प्रमाणपत्र मागतात, आणि दहावीचा फॉर्म भरताना धावाधाव करण्यापेक्षा ते आधी काढून ठेवलेलं बरं. स्वावलंबन या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करायचा, मग सरकारी रुग्णालयात तपासणी होते. तिथे 40 मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात, 70 पासून पुढे गुण आले की ऑटिझम धरतात. आलेलं प्रमाणपत्र तुमच्या कपाटात राहतं. कुणाला दाखवायचं ते तुम्ही ठरवायचं.

शाळा अनुदानित किंवा सरकारी असेल तर शिक्षण विभागाच्या गट साधन केंद्रात समग्र शिक्षा या सरकारी योजनेतल्या विशेष शिक्षकांबद्दल विचारा. पुष्कळ पालकांना हे पद असतं हेच माहीत नसतं. आणि अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासह. सगळे मार्ग खुंटले तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे जाता येतं, पण तिथे तुमच्या शब्दापेक्षा ती पोच उपयोगी पडते.

ओजस आता तिसरीत जाईल. बाई बदलतील, वर्ग वरच्या मजल्यावर असेल. एप्रिलमध्ये बाबा दुसरीच्या बाईंना भेटले आणि काय चाललं, काय नाही, हे त्यांच्याच अक्षरात अर्ध्या पानावर लिहून घेतलं. चिठ्ठी आता लागत नाही, असं त्यांनी लिहिलंय. जिन्याचं मात्र ठेवा.